डावीकडचा आरसा

१

रविवारी सकाळी कम्युनिटी हॉलचं कुलूप निघालं, तेव्हा चंद्रशेखर देवस्थळींच्या गाडीला मोतीबिंदू झालेला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत लख्ख असलेल्या तिच्या सगळ्या काचा, पुढची, मागची, चारी दारांच्या, एका रात्रीत दुधाळ झाल्या होत्या.

गाडी वीतभरही नव्हती. जुनी हिलमन मिंक्स, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. तिचं तयार किट कुठे मिळत नाही, म्हणून चंद्रशेखरांनी इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या घरामागच्या शेडमध्ये बसून प्लास्टिकच्या पत्र्यातून ती कापली, घासली, रंगवली. दोन हिवाळे त्यात गेले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे दोन हिवाळे म्हणजे काय, ते तरुणांना सांगून कळत नाही.

मिल्टन कीन्सच्या या स्केल मॉडेल क्लबचं प्रदर्शन दर नोव्हेंबरात भरतं. त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, एक खास गट होता, ‘माझी गाडी’. तुम्ही स्वतः कधीकाळी चालवलेली गाडी, जशी होती तशी. चंद्रशेखरांची मिंक्स त्यात पहिली येणार हे सगळे धरूनच चालले होते. चंद्रशेखर तर जरा जास्तच.

“सुपरग्लू!” ते गरजले. “सुपरग्लूची वाफ आहे ही. बंद पेटीत सुपरग्लूचा थेंब टाकला की वाफ कोंडते आणि पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते. हे काही हॉल झाडणाऱ्याला ठाऊक नसतं. हे मॉडेल करणाऱ्याचंच काम!”

ते हे मराठीत म्हणाले आणि मग, कुणाचं हुकू नये म्हणून, इंग्रजीत. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी थेट उदय बनसोडकडे बघून म्हटलं.

उदय नागपूरचा, वर्क व्हिसावर आलेला, इथल्या एका आयटी कंपनीत. गेल्या वर्षी दुसरा आला होता. त्याचा रंग ‘संत्र्याच्या सालीसारखा’ खडबडीत झाल्याचं चंद्रशेखरांनीच तेव्हा चारचौघांत बोलून दाखवलं होतं. आणि आत्ता मिंक्सच्या टेबलाखाली एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर सापडला होता, पिवळ्या मुठीचा. असा सबंध क्लबात एकट्या उदयकडे होता.

सेक्रेटरी कॉलिनने चष्मा कपाळावर चढवला. कॉलिनला नियम पाठ होते आणि ते वापरायची वेळ आली याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. पण वाटलं तितकंच.

“जेवणाआधी कमिटी बसेल,” तो म्हणाला. “सिद्ध झालं तर उदयचं सभासदत्व जाईल. कायमचं.”

उदय मागच्या किचनकडे वळला. मिल्टन कीन्समध्ये त्याचं ऑफिस होतं, भाड्याची खोली होती आणि हा क्लब होता. त्यातलं ज्याला आपलं म्हणावं असं एकच.

खिडकीजवळच्या खुर्चीत चंद्रशेखरांच्या पत्नी लीलावतीबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांच्या चष्म्याच्या एका काडीला बँडेजची पट्टी गुंडाळलेली होती. चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्या मधुमतीला त्यांनी हाक मारली.

“काय गं, त्या मुलाचं कधी ठरवणार म्हणाले?”

“जेवणाआधी.”

“मग वेळ आहे,” असं म्हणून त्यांनी सुई बदलली.

२

मधुमती गुप्ते मॉडेल करत नसे. तिचा नवरा संजय करत असे. म्हणजे, गेली कित्येक वर्षं तो एकच डबल-डेकर बस करत होता आणि तिला अजून वरचा मजला आलेला नव्हता. मधुमती चहाचं टेबल सांभाळायची.

आठवड्याचे बाकीचे दिवस ती एका मोटार इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासायची. ‘गाडी उभीच होती, खांबच आला’ छापाच्या हकीकती तिने इतक्या ऐकल्या होत्या की पोचा कुठे पडलाय यापेक्षा माणूस कुठलं वाक्य गाळतोय याकडे तिचा कान असे. म्हणून कॉलिन तिच्याकडे येऊन “तू जरा बघतेस का, तू कुणाच्याच बाजूची नाहीस,” असं म्हणाला, तेव्हा तिने हात पुसले. चहाकडे संजयला उभं केलं. चहा तरी पूर्ण होईल अशी आशा होती.

“किल्ली?” तिने कॉलिनला विचारलं.

“माझ्याकडेच. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कुलूप लावलं, आज मीच काढलं. आत कुणी आलेलं नाही. खिडक्यांना आतून खिट्ट्या आहेत.”

“आणि काल कुलूप लावताना काचा स्वच्छ होत्या?”

“मी दिवे घालवले आणि निघालो. प्रत्येक गाडीला गुड नाइट म्हणत नाही मी, मधू.”

उदय तिला मागच्या किचनमध्ये सापडला. तो सिंक घासत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

“काकू, मी कशाला करू हो असं?” तो म्हणाला. “गेल्या वर्षी ते बोलले, राग आला होता. खरं सांगतो, खूप आला होता. पण पुढच्या रविवारी त्यांनीच मला स्लाऊला बोलावून स्प्रे कसा धरायचा ते शिकवलं. दिवसभर. वर शेवग्याची आमटी.”

“हे तू मघाशी का नाही सांगितलंस?”

“त्यांनीच सांगायला हवं होतं ना.”

मधुमतीने त्या चकचकीत सिंककडे पाहिलं. “स्क्रू-ड्रायव्हर तुझा?”

“माझाच. डबा उघडाच असतो माझा, कुणीही घेतं. काल देवस्थळी काकांनी पेटीचे चार स्क्रू त्यानेच बसवले. मग आम्ही दोघं फिश अँड चिप्स आणायला गेलो. Honestly, काकू, त्यांनीच माझं बिल दिलं.”

“एक सांग. सुपरग्लू लावला की काचा लगेच पांढऱ्या होतात?”

“छे! हळूहळू चढतं ते. तासन् तास. म्हणून तर आम्ही लावल्यावर झाकण उघडं ठेवतो, रात्रभर.” तो बोलता बोलता थांबला. “म्हणजे...”

“म्हणजे रात्री कुणी आत आलं का, हा प्रश्नच नाही,” मधुमती म्हणाली. “काम काल दिवसाच झालंय. हॉल भरलेला असताना, सगळ्यांच्या देखत.”

३

मिंक्स तिच्या पेटीत होती. लाकडी पाट, त्यावर पारदर्शक झाकण, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. चंद्रशेखर शेजारी हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले होते. गाडीजवळ ते मोज्यांशिवाय कधी जात नसत.

“झाकण काढाल का, देवस्थळीकाका?”

त्यांनी स्क्रू काढले आणि झाकण दोन्ही हातांनी कडेला धरून उचललं. मधुमतीने ते उजेडाकडे धरायला लावलं. आतल्या बाजूनेही धुकं होतं, आणि त्या धुक्यात एका अंगठ्याचा ठसा. पांढरा, स्पष्ट, रेघ न् रेघ मोजता येईल असा.

“वाफ आधी बोटांच्या ठशांवर बसते,” चंद्रशेखर म्हणाले. “गुन्हेगाराची सही आहे ही.”

“तुमच्या क्लबातलं कुणी झाकणाला आतून अंगठा लावेल?”

“लावेल? हात तोडीन!” मग स्वतःलाच काय म्हणालो ते ऐकू आल्यासारखे ते थबकले. “म्हणजे... लावत नाहीत. कडेनेच धरतात.”

“उदयही?”

“मीच शिकवलंय त्याला,” ते पुटपुटले.

मधुमतीने गाडी निरखली. फिकट हिरवा रंग, क्रीम छत. आतलं आता दिसत नव्हतं, पण काल स्वच्छ काचांतून पाहिलेलं तिला आठवत होतं: मागच्या सीटवर घडी घातलेलं चौकड्यांचं ब्लँकेट, खसखशीएवढ्या बटणांचा डॅशबोर्ड. तिला गाड्यांतलं प्रेम फारसं कळत नसे, पण हे कळलं.

“फोटोंवरून केलीत?”

“चार फोटो आहेत घरात. चारही उजव्या बाजूने काढलेले, का कोण जाणे. डावी बाजू कंपनीच्या जुन्या ब्रोशरवरून केली. अगदी मिलिमीटरला मिलिमीटर.”

पुढच्या मडगार्डावर, हेडलाइटच्या जरा मागे, त्या काळच्या पद्धतीने बसवलेला एक चिमुकला आरसा चमकत होता. उजवीकडे.

“काका,” मधुमती म्हणाली, “डावीकडचा आरसा कुठाय?”

चंद्रशेखर खाली वाकले. सकाळपासून ते पांढऱ्या काचांकडेच बघत होते. डाव्या मडगार्डावर, जिथे आरसा हवा, तिथे काहीच नव्हतं.

“चोरला!” ते ओरडले. “आरसासुद्धा चोरला!”

खिडकीजवळच्या सुया एक क्षण थांबल्या. पुन्हा चालू झाल्या.

४

मधुमतीने भिंग मागवलं. डाव्या मडगार्डावर आरशाच्या दांडीसाठी एक भोक असणार होतं. भोक होतं, पण बुजवलेलं. काचेसारखा पारदर्शक थेंब, वरून सपाट घासलेला.

“हाच तो सुपरग्लू,” चंद्रशेखर म्हणाले. “भोकातून आत ओघळलाय. वाफ सगळी आत.”

“काका, तुम्हाला एखाद्याची गाडी बिघडवायची असेल, तर तुम्ही आरसा उपटाल. पण नंतर भोक बुजवून, घासून सपाट कराल?”

 चंद्रशेखरांचा चेहरा हिशेब चुकल्यासारखा झाला.

“आणि ज्याला वाफेची करामत माहीत आहे, तो थेंब कुठेतरी सीटखाली टाकेल. दिसेल असा मडगार्डावर कशाला? हे बिघडवलेलं नाहीये. हे कुणीतरी नीट केलंय. स्वतःच्या मते.”

शेजारच्या टेबलावर आसावरी होती. केंब्रिजच्या एका लॅबमध्ये काम करणारी, जन्म रेडिंगचा, गंजलेल्या गाड्या बनवण्यात हातखंडा. तिच्या टेबलावर अख्खा चिमुकला भंगारखाना होता, त्यात एक प्लास्टिकचं मांजरही. ती सगळ्यांशी मराठी बोलायची आणि सगळ्यांना ती आवडायची, हे दोन्ही एकमेकांमुळे.

“काल काका आणि उदय गेले, तेव्हा मी इथेच होते,” ती म्हणाली. “Well, मधे मी loo ला गेले आणि मग कॉलिनला पेंटचं विचारायला. पण काकू होत्या ना इथे. लीलाकाकू. Guard करत होत्या गाडीला.”

“तुझ्याकडे सुपरग्लू आहे?”

“सगळ्यांकडे आहे! माझा तर काकूंनी मागितली होती. त्यांची चष्मा तुटली होती ना. मी दिली, त्यांनी परत पण दिली. So polite. माझी नेल-फाइल पण घेतली होती, काचेचा कड घासायला.”

“त्याआधी काका-काकूंचं काही बोलणं झालं होतं?”

आसावरीने नाक मुरडलं. “काकांनी गाडी दाखवली त्यांना. फर्स्ट टाइम! Two years घरात बनवत होते आणि त्यांना बघू नाही दिलं, सरप्राइज म्हणून. काकू म्हणाल्या, इकडे आरसा कशाला? तर काका म्हणाले, तुला काय कळतंय गाडीतलं, ब्रोशरमध्ये आहे. I was like, ouch.”

मधुमतीने खिडकीकडे पाहिलं. लीलावतीबाईंनी विणकाम पिशवीत घातलं होतं आणि कोट अंगात चढवून त्या ताठ बसल्या होत्या. चष्म्याच्या काडीवर बँडेजची पट्टी अजून तशीच होती.

५

मधुमतीने दोन चहा घेतले आणि त्यांच्या शेजारी बसली.

“लीलाकाकू, काल चष्म्यासाठी सुपरग्लू घेतलात. मग पट्टी अजून का?”

लीलावतीबाईंनी चहाचा घोट घेतला. “ह्या इंग्लिश बायकांसारखा पाणचट करू नकोस गं चहा.”

“संजयने केलाय.”

“तरीच.” त्यांनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि उघडलं. आत मखमलीवर बाजरीच्या दाण्याएवढा आरसा होता. “हा घे. चोरला म्हणे! माझ्याच गाडीचा आरसा मी कशाला चोरू?”

“मग काढलात का?”

“नव्हताच तो.” त्या खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत बोलत होत्या. “गाडी घेतली त्याच महिन्यात दुधाच्या गाडीने डावा आरसा उडवला, मडगार्डाला पोचा आणला. ह्यांनी आरसा पुन्हा बसवला नाही. मला म्हणाले, तू बसतेसच की डावीकडे. त्यानंतर गाडी विकेपर्यंत प्रत्येक वळणावर, लेन बदलताना, पार्क करताना हे विचारायचे, ‘लीला, डावीकडे?’ आणि मी काच खाली करून, डोकं बाहेर काढून बघायची. ‘या,’ म्हटलं की हे वळायचे. पावसात, बर्फात. पहिल्या वेळचे दिवस होते तेव्हासुद्धा. एकदाही ठोकली नाही गाडी.” त्या थांबल्या. “फोटो उजव्या बाजूचे का, म्हणे कोण जाणे! डावीकडचा पोचा दिसू नये, म्हणून पुण्याला पाठवायचे फोटो ह्यांनीच तसे काढले.”

“ते विसरले.”

“पोचा विसरले त्याचं काही नाही. ते चौकड्यांचं ब्लँकेट लक्षात राहिलं बघ, बरोब्बर घडी घालून ठेवलंय. आणि मी बसायची तिथे ब्रोशरमधला आरसा.”

मधुमतीने थोडा वेळ जाऊ दिला. क्लेमच्या कामात हे तिला जमायचं, माणसाने गाळलेलं वाक्य स्वतःहून परत येईपर्यंत थांबणं.

“मला वाटलं, काढून ठेवते,” लीलावतीबाई म्हणाल्या. “बघू, लक्षात येतं का. ह्यांनी ठेवलेल्या त्या पिवळ्या स्क्रू-ड्रायव्हरनेच झाकण काढलं. भोक वाईट दिसत होतं, ते बुजवलं. हे शेडमध्ये तसंच करतात, मी चहा द्यायला जाते तेव्हा बघितलंय. भोक असलं की सुपरग्लू, मग घासायचं. कारखान्यात रेडिओचे भाग जोडलेत मी, माझा हात काही कापत नाही.”

“पण झाकण लगेच लावलंत.”

“मग? धूळ बसेल ना!”

“ते शेडची खिडकी उघडी ठेवत असतील ना, सुपरग्लू लावल्यावर? झाकणही?”

लीलावतीबाईंचा कप वाटेतच थांबला. “खिडकी उघडी ठेवतात ती त्यासाठी?” त्या हळूच म्हणाल्या. “मला इतकी वर्षं वाटतंय, हे चोरून सिगरेट ओढतात.”

हसू आवरायला दोघींनाही कप तोंडाशी न्यावा लागला. मग लीलावतीबाईंचा चेहरा पुन्हा उतरला.

“म्हणजे काचा माझ्यामुळे गेल्या. मी समजत होते ते काम दुसऱ्या कुणाचं असेल, माझा फक्त आरसा. आणि ह्यांना आरसा गेलेला दिसेचना. सकाळपासून वाट बघतेय.”

“आणि उदय?”

“कोट घातलाय बघ. कमिटी बसली की उठून सांगणारच होते. त्या पोराला माझ्यामुळे कोण काढतंय! फक्त ह्यांना आणखी जरा वेळ देत होते. शेवटपर्यंत.”

६

कमिटीसाठी तीन खुर्च्या मांडून झाल्या होत्या. उदय समोर उभा होता, हात मागे बांधून. मधुमती कॉलिनच्या कानाशी लागली. कॉलिनने भुवया उंचावल्या आणि, नियमात बसत नसताना, मान डोलावली.

“देवस्थळीकाका,” ती म्हणाली, “मी तुम्हाला फक्त कारणं सांगते. नाव तुम्ही सांगा. काम काल दिवसा झालं, गाडीजवळ बिनधास्त बसता येणाऱ्या माणसाकडून. झाकणाला आतून अंगठा लावला, म्हणजे मॉडेल करणाऱ्याने नाही. पण भोक तुमच्याच पद्धतीने बुजवलं, म्हणजे तुम्हाला काम करताना पाहिलेल्याने. झाकण लगेच लावलं, म्हणजे अर्धीच कृती पाहिलेल्याने. चष्म्याला म्हणून सुपरग्लू घेतला आणि चष्म्याला लावला नाही. आणि शेवटचं. डावीकडचा आरसा त्या गाडीला नव्हता, हे माहीत असलेली माणसं जगात दोन. त्यातलं एक विसरलंय.”

“नव्हता?” चंद्रशेखर म्हणाले. “ब्रोशरमध्ये तर...”

 त्यांनी गाडीकडे पाहिलं, डाव्या मडगार्डाकडे, डावीकडच्या दुधाळ काचेकडे. त्या काचेआड काहीच दिसत नव्हतं. हॉलमध्ये आसावरीच्या मांजराला खोकला आला असता तर ऐकू आला असता इतकी शांतता झाली.

“दुधाची गाडी,” ते शेवटी म्हणाले.

लीलावतीबाई कोट सावरत जवळ आल्या. “काचा माझ्याकडून गेल्या. ते मला माहीत नव्हतं. आरसा मात्र माहीत असून काढला.”

चंद्रशेखरांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा. ते आधी बायकोकडे गेले नाहीत. ते उदयकडे गेले. सगळ्यांसमोर, मराठीत आणि मग इंग्रजीत, कुणाचं हुकू नये म्हणून, त्यांनी त्याची माफी मागितली. उदयने घाईघाईने वाकून त्यांचे पाय धरले. कॉलिनला वाटलं त्याचं काहीतरी खाली पडलं, तो शोधायला लागला.

“काचा निघतील काका,” उदय उठत म्हणाला. “अजून वेळ आहे. घासून पॉलिश करू, मी हेल्प करतो.”

“थांब.” चंद्रशेखरांनी गाडीवर झाकण ठेवलं, पण स्क्रू लावले नाहीत. “त्या गाडीचा हीटर कधी चालला नाही. काचा अशाच असायच्या, ऑक्टोबर ते मार्च.”

“रुमालाने पुसायचे मी,” लीलावतीबाई म्हणाल्या.

“जशी होती तशी, असं आहे ना नियमात?” चंद्रशेखरांनी कॉलिनला विचारलं. कॉलिनने आहे म्हणून सांगितलं. चंद्रशेखरांनी गाडीसमोरचं कार्ड उचललं. त्यावर सुबक अक्षरांत मॉडेल, साल, रंगाचा नंबर होता. त्याखाली त्यांनी पेनाने दोन ओळी इंग्रजीत वाढवल्या. हीटर: बंद. डावा आरसा: लीला.

गाडी तिसरी आली. परीक्षकांना काचा पटल्या नाहीत. पहिली आली आसावरीची, तिच्या वडिलांची टॅक्सी, गंजासकट. माझी गाडी म्हणजे स्वतः चालवलेली, असा नियम असल्याचं कॉलिनला बक्षीस दिल्यावर आठवलं. पण आसावरीने त्याला शपथेवर सांगितलं की वडिलांच्या नकळत ती तिनेही चालवली होती.

संध्याकाळी मधुमती कपांचं खोकं घेऊन पार्किंगमध्ये आली. संजय बस ठेवलेला डबा छातीशी धरून मागून येत होता. देवस्थळींची चंदेरी गाडी बाहेर पडत होती. नवीकोरी, दोन्ही बाजूंना बटण दाबलं की हलणारे आरसे. मागच्या सीटवर मिंक्सच्या पेटीला सीटबेल्ट लावलेला, पेटी एका हाताने धरून उदय बसलेला. स्लाऊला शेवग्याची आमटी होती.

राउंडअबाउटच्या तोंडाशी गाडी थांबली. वाहनं नव्हती. तरी ती हलेना. मग डावीकडची काच खाली गेली, नोव्हेंबरच्या गारठ्यात एक पांढरं डोकं बाहेर आलं, चष्म्याच्या काडीला बँडेज, आणि त्याने रस्त्याकडे नीट, सावकाश, पूर्ण पाहून घेतलं.

“या,” लीलावतीबाई म्हणाल्या.

गाडी वळली.